बकुळाचा रियाज

भोरच्या कचेरीतून रघुवीरपंत घरी आले, की डोक्यावरची पगडी खुंटीला जायच्या आधी त्यांच्या हातात रूळ यायचा. समोर पेटीवर बकुळा बसलेलीच असायची. सूर चुकला की रूळ बोटांवर, हात थांबला की पाठीवर.

"अहो, पुरे झाला तो रियाज," एकदा आई मध्ये पडली. "सकाळपासून बसलीय पोर. करंगळी मोडलीत तिची, आता हात तोडणार आहात का?"

तोच रूळ आईच्या कानशिलावर बसला.

"मुलगी बघायला आले की पेटी वाजवायला लावतात," पंत गरजले. "चारचौघांत अडखळली तर अब्रू माझी जाईल!"

पुण्याच्या बिजवराचं स्थळ आलं, तेव्हा बकुळा एकदाही अडखळली नाही. पण नवऱ्यामुलाच्या आईचं गाण्याकडं लक्षच नव्हतं. पेटी थांबली तशा त्या उठून बकुळाशेजारी येऊन बसल्या. काळीनिळी पेरं, वाकडी करंगळी, एकेक बोट त्यांनी मायेनं चाचपलं.

"कोण मारतं गं एवढं?" त्यांनी हळूच विचारलं.

बकुळानं वर पाहिलं. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. पण समोर बाबा होते. तिनं मान खाली घालून बोटं पदराखाली ओढून घेतली.

बाई उठल्या आणि मुलाच्या कानाशी लागल्या. बकुळाला ते ऐकू आलंच.



"हिलाच करून घेऊ. ब्र काढत नाही, आणि पहिलीसारखी चार फटक्यांत मरायचीही नाही."