हाडातला रस

नर्सबाईंपुढे मी तपासणीसाठी तोंड उघडलं, पण त्यांनी कापसाची काडी मागे घेतली. “आजी, पन्नाशीच्या आतलं माणूस लागतं.”

“घ्या, पुढारीणच बाद झाली,” मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळा पाडा हसला.

पलीकडच्या पाड्यातल्या सात वर्षांच्या पोरीला रक्ताचा मोठा आजार होता. तिला बरं करायला जुळणारा हाडातला रस, म्हणजे मज्जा, आमच्या पावरा जमातीच्या लोकांतच मिळण्याची आशा जास्त होती. रस दिला की माणूस पोकळ होतो, या भीतीनं कोणी पुढे येईना. म्हणून सकाळपासून मीच घरोघर सांगत फिरले होते, की रस पुन्हा भरतो, घाबरू नका.

“मग मी देते,” म्हणत थुमली उठली. माझी एकुलती एक लेक.

मी तिचा दंड घट्ट धरला. “बस खाली. तुझं लग्न व्हायचंय.”

“आई, सकाळी तूच सांगत होतीस ना?”

हसणं थांबलं. आजारी पोरीची आई समोरच बसली होती. ती नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली.

मी हात सोडला.