खेकसणारी भाषा

"आपली भाषा खेकसते," दादा म्हणाले, आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. "नवशिक्याकडून साधा स्वल्पविराम राहू दे, लगेच 'चूक. काम रद्द.' अरे, कसली चूक? कुठल्या ओळीत? पोरं पहिल्याच दिवशी पळून जातात!"

वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी दुपारी जमलेल्यांपैकी कुणीच पगारी नव्हतं. कुणीही फुकट वापरावी, कुणीही सुधारावी अशी संगणकाची एक भाषा, आणि आपापल्या नोकऱ्या करून ती सांभाळणारी ही माणसं. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना कुठली कामं द्यायची, ते आज ठरवायचं होतं. बँकेत नोकरी करणाऱ्या ताई पांढऱ्या फळ्याशी उभ्या राहून लिहीत होत्या. एका दाढीवाल्याने तेवढ्यात बऱ्याच कल्पना मांडल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या स्वतःच हाणून पाडल्या होत्या.

दादांची कल्पना मात्र सगळ्यांना आवडली. चूक झाली तर भाषेने माणसासारखं बोलावं, कुठे अडलंय ते सांगावं, जमलं तर धीर द्यावा. दादा बोलायला लागले की ऐकत राहावंसं वाटतं, त्यात वादच नाही. ताईंनी कल्पना सगळ्यात वर लिहिली. मार्गदर्शक ठरल्याशिवाय इथे कुठलीच कल्पना धरत नाहीत, म्हणून त्यांनी विचारलं, "आणि मार्गदर्शक?" दादांनी हात वर केला. ताईंनी पुढे 'दादा' असं लिहिलं.

"दादा, हे मी केलंय."

खिडकीजवळून बारकी बोलली. गेल्या उन्हाळ्यातली विद्यार्थिनी. सगळ्यांत लहान म्हणून तेव्हा नाव पडलं, ते चिकटलंच. मागच्या वर्षी तिचं सगळं काम घरून चाललं होतं, बैठकीला ती आज पहिल्यांदा आली होती.

"म्हणजे तुला करायचंय?" दादांनी कौतुकाने विचारलं.

"नाही, केलंय. गेल्या वर्षी. तुम्हीच मार्गदर्शक होतात."

दादांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, त्याचं काय करावं ते त्यांना कळेना. मार्गदर्शकाने वाचून होकार दिल्याशिवाय इथे कुणाचंही काम भाषेत जात नाही. बारकीचं काम वेळेवर आलं होतं. दादांनी 'बघतो' म्हणून कळवलं होतं. मग ते राहिलं, विषयही डोक्यातून गेला. कसं राहिलं म्हणाल, तर अशी कामं राहतात तसंच. शेवटचा अभिप्राय मात्र त्यांनी मुदतीच्या आत पाठवला होता: काम उत्कृष्ट, भाषेत घेत आहोत. तो लिहिताना त्यांनी तिची एक ओळसुद्धा उघडून बघितली नव्हती.

"अगं बाई, मग आठवण करून द्यायची ना!" दाढीवाला म्हणाला. "दादांच्या मागे काय कमी व्याप आहेत?"

"मला वाटलं, गेलं असेल. दादांनीच लिहिलंय म्हटल्यावर मी तपासलं नाही. परीक्षाही होती." बारकी अगदी सरळ आवाजात सांगत होती, तक्रार केल्यासारखं नाही. "नोकरीच्या मुलाखतीत मी म्हटलं, या भाषेत माझं काम आहे. ते म्हणाले, दाखव. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर! त्यांनी तिथेच भाषा उघडली आणि मुद्दाम एक चूक केली."

"मग?" ताईंनी विचारलं.

"चूक. काम रद्द."

या वेळी कुणी हसलं नाही. दाढीवाल्याला एकदम मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं.

"खोटं बोलणारी मुलगी नको म्हणाले. घरी मी सांगितलं, जागा भरली होती. चूक माझीच आहे. मी एकदा बघायला हवं होतं."

दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीने चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं. 'अगं, माझ्याकडून' एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मघाशी आपणच सगळ्यांना किती हसवलं होतं, ते आठवून त्यांचे कान तापले.

ताईंनी डस्टर उचललं. "मग हे पुसू का?"

"नको, ताई. कल्पना चांगली आहे," बारकी म्हणाली. "फक्त मार्गदर्शक दुसरे बघा."

दादा उठले. ताईंच्या हातातलं डस्टर मागायचंही त्यांना सुचलं नाही. स्वतःचं नाव त्यांनी तळहातानेच पुसलं, आणि शाई लागलेला हात घेऊन परत खुर्चीत बसले. लॅपटॉप उघडून त्यांनी बारकीचं काम शोधलं. ते जिथे ठेवलं होतं तिथेच होतं. बैठक थांबली. सगळे बघत असताना त्यांनी तिच्या बदलांसह भाषा सुरू केली आणि चालते की नाही ते पाहायला एक साधी ओळ टाइप केली. अगदी साधी, पहिल्या दिवशी शिकवतात तशी. पण नजर पडद्याऐवजी बारकीकडे होती. ओळीच्या शेवटी काहीतरी सुटलं. ही चूक मात्र मुद्दाम केलेली नव्हती.

"काय आलं?" फळ्याजवळून ताईंनी विचारलं.

दादांना ते मोठ्याने वाचावंच लागलं.

"कंस उघडलात, बंद करायचा राहिला. होतं असं सगळ्यांचंच. घाबरू नका, सावकाश बघा."