मानाचा फोन

"मी अकरावा?" पतसंस्थेचे अध्यक्ष दत्ताशेठ यांनी आपल्या टेबलावरच्या फोनकडे बोट रोखून विचारलं.

नथानियल रोहेकर टेबलाखालून बाहेर आला. हातात वायर, केसांत कोळिष्टक. आडनाव रोहेकर, जन्म पेणचा, आणि रोह्यात आज पहिल्यांदाच कामाला. पतसंस्थेची पेणमधल्या रामवाडीची शाखा उचलून इथे आणली होती. टेबलं आली, कपाटं आली, फोनही आले. पण फोन मनाने अजून पेणलाच होते. प्रत्येकाच्या पोटात जुन्या ऑफिसच्या नेटवर्कचा पत्ता होता. तो पुसून नवा घालायचा, एवढंच काम. गोंधळ नको म्हणून नथानियलने प्रत्येक नव्या पत्त्याचा शेवटचा आकडा चिठ्ठीवर लिहून फोनवर डकवला होता. इथेच तो चुकला.

"अकरावा नाही साहेब, नुसता अकरा. दहापर्यंतचे आकडे मशिनींसाठी राखून ठेवलेत."

"मग एक कोण?"

नथानियलने भिंतीवरच्या काळ्या डब्याकडे पाहिलं. "तो. राउटर. बाहेर जाणारा प्रत्येक फोन त्याच्यातून जातो."

"म्हणजे डबडं एक, आणि अध्यक्ष अकरा."

बाहेर उद्घाटनाच्या मांडवात बसलेले संचालक दारातून डोकावू लागले. दत्ताशेठांच्या गावात पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून दोन घराणी अजून कोर्टात जात होती, आणि भाडं परवडत नाही म्हणून एकाच रिक्षातून जात होती. त्यातलं एक घराणं दत्ताशेठांचं. अशा माणसाला अकरा म्हणणं म्हणजे पालखीच्या मागून चपला सांभाळत चाल म्हणण्यासारखं होतं.

"एक मानाचा. तो माझ्या फोनला घाल. मुहूर्ताचा पहिला फोन मी लावणार. आक्काला."

आक्का म्हणजे दत्ताशेठांची थोरली बहीण रंभाबाई. ती पेणला होती. सकाळपासून दत्ताशेठ सारखे मोबाइल घेऊन मागच्या दारी जात, आक्काची तब्येत विचारत, आणि परत आले की एखादा निर्णय जाहीर करत. नथानियलला वाटलं होतं, केवढा हळवा भाऊ.

त्याने वाद घातला नाही. फोनजोडणीचं काम घेतलेल्या त्याच्या मालकाने निघतानाच बजावलं होतं, "मुहूर्ताला फोन लागला तर तू कायम. नाय लागला तर तू मोकळा." अध्यक्षांना दुखवूनही मोकळाच झाला असता. त्याने बटणं दाबली आणि अध्यक्षांच्या फोनला एक दिला.

ऑफिसातले सगळे फोन मुके झाले.

"अरे, बाहेर कुठेच लागत नाय," शाखाधिकारी भूमिका शेजारच्या केबिनमधून म्हणाली.

"मॅडम, आता सगळे फोन साहेबांच्या फोनलाच बाहेरचा रस्ता समजतात. तिथपर्यंत जातात, आणि तिथेच अडकून पडतात."

"मग पेणला फायलींचं तरी वेगळं काय होतं?" भूमिका म्हणाली आणि फायली लावू लागली.

बाहेर गुरुजींनी घंटा वाजवली. मुहूर्त आला होता. दत्ताशेठ फेटा सावरत उठले आणि नारळ फोडायला मांडवात गेले. तेवढी फट नथानियलला पुरली. त्याने फोनला परत अकरा दिला. मग एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर ठळक एक काढला, ती जुन्या चिठ्ठीवर डकवली आणि वर पूजेच्या ताटातलं हळदकुंकू लावलं. कुंकू लागलेल्या वस्तूला आता कुणी नखही लावणार नव्हतं.

दत्ताशेठ आले. आकडा पाहून त्यांची छाती फुगली. डब्यालाही त्यांनी उदार मनाने झेंडूची माळ घातली. मग स्पीकर लावून नंबर फिरवला. नथानियलने डोळे मिटले.

रिंग गेली.

"हॅलो आक्का! दत्तू बोलतोय. नव्या ऑफिसातून. पहिला फोन!"

टाळ्या वाजल्या.

"व्हय, ऐकलं," आक्काचा आवाज साऱ्या ऑफिसात घुमला. "कर्जाच्या फायली कुणाच्या कपाटात ठेवल्यास?"

"माझ्या."

"भूमिकेच्या ठेव. तिला दे फोन."

"व्हय आक्का."

भूमिका आली. "बोला आक्का."

"गो भूमिके, खिडकीजवळची केबिन तू घे. दत्तूला पंख्याखाली बसव, त्याला झोप लागते. आणि सह्यांना माणसं खोळंबवू नको, आधी मला विचार, मग त्याच्यापुढे कागद धर."

संचालक एकमेकांकडे न बघता जेवायला निघाले. भूमिका लिहून घेत होती. दत्ताशेठ फोनवर वाकले. त्यांनी कुंकवाची पर्वा न करता नखाने चिठ्ठीचा कोपरा उचलला. खालचा अकरा दिसला.

"नुसती चिठ्ठी बदललीस?"

नथानियलला आपली नोकरी परत पेणच्या टेम्पोत चढताना दिसली. "साहेब, खरा एक त्या डब्याकडेच लागतो. त्याच्याशिवाय काही चालत नाही."

दत्ताशेठांनी माळ घातलेल्या डब्याकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं. आक्का अजून बोलत होती; आता पापडांवर आली होती.

"तुझ्या मालकाला सांगतो, पोरगा कामाचा हाय," ते हळूच म्हणाले आणि अंगठ्याने चिठ्ठी परत दाबू लागले. "पण गोंद जरा चांगला लाव. मलापण आक्काने अध्यक्ष म्हणून असाच चिकटवलाय. अजून निघालो नाय."