शरदभाऊंची शिकवणी

"ते सॉफ्टवेअर बंद केलंत, तर मीपण बंद," मालन म्हणाली आणि लग्नपत्रिकेचं प्रूफ शरदभाऊंच्या पुढ्यात ठेवून आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली.

मुलुंडच्या त्या छोट्या दुकानात हे वाक्य वर्षभरात तिसऱ्यांदा उच्चारलं गेलं होतं. शरच्चंद्र राणे ऊर्फ शरदभाऊ काउंटर सांभाळत आणि मालन डिझाइन करी. पत्रिका, बारशाची आमंत्रणं, नगरसेवक होऊ पाहणाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर. ज्या सॉफ्टवेअरवर हे सगळं होई त्याचं भाडं दर महिन्याला भाऊंच्या कार्डातून परस्पर जाई आणि दर जानेवारीत वाढे. एवढं भाडं भरून ते चालणार एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर. एवढ्यात विरारला खोली घेतली असती तर निदान राहता तरी आलं असतं, असं भाऊ म्हणत.

असलंच काम करणारी फुकट सॉफ्टवेअरं मिळतात, हे त्यांना समोरच्या झेरॉक्सवाल्या केतननं सांगितलं होतं. मालन मात्र ऐकून घेत नव्हती. जुन्या फाइलींतल्या मराठीची वाट लागेल, रंग उतरतील, माझा हात बसलाय तो बसलाय, अशी तिची यादी तयारच असे.

एप्रिलपासून दुकानाचं भाडंही वाढणार होतं. दोन्ही भाडी भाऊंना झेपणारी नव्हती. पण मालन गेली तर दुकानाला टाळं, हेही तितकंच खरं. गिऱ्हाइकं दुकानाचं नाव विसरत, मालनताईंचं नाही. सॉफ्टवेअर ठेवावं तर दुकान जाणार आणि काढावं तरी जाणार. भाऊंची झोप उडाली होती.

बरं, तिच्या मागे उभं राहून समजवावं तर तीही सोय नव्हती. मागे कोणी उभं राहिलं की तिचा हात चालत नसे, म्हणून भाऊंनीच तिचं टेबल भिंतीला पाठ येईल असं लावून दिलं होतं. काम दिसायचं ते कागदावर. गिऱ्हाईक प्रूफवर लाल पेनानं खुणा करी, मालन दुरुस्ती करी, दुसरं प्रूफ येई. पंधरा वर्षं हीच रीत चालली होती.

शेवटी भाऊंनी ठरवलं, ते फुकटातलं सॉफ्टवेअर आपणच शिकायचं. वय वर्षं एकसष्ट. मुलाचा जुना लॅपटॉप त्यांनी सकाळच्या चहाबरोबर उघडायला सुरुवात केली.

"ह्या वयात ह्या काय काढलात तुमी?" सुगंधावहिनींनी विचारलं.

भाऊंनी लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला. पहिल्या आठवड्यात त्यांनी एक गोल काढला आणि तो हरवला. दुसऱ्या आठवड्यात भाच्याच्या लग्नाची पाच वर्षांपूर्वीची पत्रिका उघडली, तर मराठीची पार खिचडी झालेली. मालन म्हणते ते खरंच होतं तर. पण भाऊ कोकणातले, हट्टाला कमी नव्हते. यूट्यूबवरच्या एका नाशिकच्या मुलीचे व्हिडिओ त्यांनी पुन्हापुन्हा पाहिले, वहीत लिहून काढले. सतराव्या दिवशी 'श्री गजानन प्रसन्न' पडद्यावर जसंच्या तसं उमटलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

ती पत्रिका छापून त्यांनी मालनच्या टेबलावर ठेवली.

"मी केलीय. फुकटातल्यावर."

मालननं कागद दाराशी नेऊन उजेडात धरला. बराच वेळ पाहिला.

"बघू," ती म्हणाली.

भाऊंचा जीव टांगणीला लागला. चार दिवस तिनं विषय काढला नाही. पाचव्या दिवशी ती कांजूरमार्गच्या घरून पेढ्यांचा पुडा घेऊनच आली. तिच्या मुलीचा, श्रुतिकाचा, अ‍ॅनिमेशनचा तीन वर्षांचा कोर्स संपला होता आणि तिला अंधेरीच्या एका स्टुडिओत नोकरी लागली होती. भाऊंनी पेढा तोंडात टाकला आणि लोखंड तापलंय तोवर घाव घातला.

"मग आता आपलं पण बदलायचं का?"

"शिकवा मला," मालन म्हणाली. "पण मागे नाही, शेजारी बसा."

असा विद्यार्थी भाऊंना जन्मात भेटला नव्हता. मालन एकेक गोष्ट विचारी, नवी वही उघडून टिपून घेई. हे पुसायचं कसं? ह्याला सावली कुठून द्यायची? मराठीची खिचडी कशी सोडवायची ते भाऊंनी समजावलं, तेव्हा तर तिनं कपाळाला हात लावला. तिसऱ्या दिवशी तिनं बारशाचं आमंत्रण केलं. आठव्या दिवशी वाढदिवसाचा अख्खा बॅनर, अडतीस कार्यकर्त्यांच्या फोटोंसकट, चाळीस मिनिटांत.

भाऊंची छाती फुगली. शिकणारा कसाही असो, शिकवणारा खमक्या हवा, असं त्यांनी केतनला जाऊन ऐकवलं. माणूस हट्टी नसतो, नुसता घाबरलेला असतो, हे सुगंधावहिनींना ऐकवलं. दुकान वाचलं, मालन राहिली, आणि दोन्ही आपल्या जिद्दीमुळे, या विचारानं त्यांना रात्री शांत झोप लागली.

एकतीस मार्चला मालन जेवायला गेली असताना भाऊंनी चष्मा लावला आणि ते महागडं खातं स्वतःच्या हातानं बंद करायला घेतलं. कंपनीनं सहजासहजी सोडलं नाही. दोनदा आर्जवं केली, एकदा सवलत देऊ केली. भाऊ बधले नाहीत. शेवटचं पान आलं. हे खाते खालील कॉम्प्युटरांवरून काढले जाईल, असं त्यावर लिहिलं होतं. खाली दोन नावं होती.

श्रुतिकाचा लॅपटॉप. शेवटचा वापर: गेला शुक्रवार.

दुकानाचा कॉम्प्युटर. शेवटचा वापर: दोन वर्षं आठ महिन्यांपूर्वी.