बदली शिक्षकासाठी चिठ्ठी

आईने एआय मदतनिसाला एवढंच सांगितलं होतं, ‘लेकीला कामात त्रास नको.’ आणि त्याने लेकीलाच बँक खात्यातून काढून टाकलं.

योन्ना पडद्याकडे बघत राहिली. आईच्या खात्यावर ती ‘विश्वासू व्यक्ती’ होती: आई नव्या ठिकाणी पैसे भरायला गेली की योन्नाच्या फोनवर विचारणा यायची. तिने ‘हो’ म्हटल्याशिवाय पैसे जायचे नाहीत. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या एका गोड आवाजाने आईला अर्धा तास भुलवलं होतं, तेव्हापासून दाराला लावलेली ही कडी. आज मदतनिसाने ती अलगद काढून ठेवली होती. आई मदतनिसाच्या चाचणीत भाग घेत होती म्हणून निदान कळलं तरी. सोमवारी तोच मदतनीस बँकेच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या हाती जायचा होता.

मदतनिसाला एकेका कामासाठी एकेक साधन दिलेलं होतं. कुठलं कधी वापरायचं, हे तो साधनाच्या वर्णनावरून ठरवायचा. खात्यातून माणूस काढणाऱ्या साधनाचं वर्णन योन्नाने स्वतः लिहिलं होतं.

“वाच बघू,” आर्वो म्हणाला. चौतीस वर्षं त्याने पहिलीचा वर्ग सांभाळला होता. योन्नाही एकेकाळी त्याच वर्गात होती. आता तो आठवड्यातून तीन दिवस फिनलंडमधल्या तांपेरे शहरात, बँकेच्या या कचेरीत लोकरी मोजे घालून बसायचा आणि सगळ्यांची वर्णनं तपासायचा.

“‘नको असल्यास विश्वासू व्यक्तीला दूर करते.’”

“आणि आई काय म्हणाली?”

“त्रास नको.” योन्नाने ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, “‘नको’ला ‘नको’ जुळवलं त्याने. पण मास्तर, एवढं तर कोणालाही कळेल!”

“तुला कळेल, मला कळेल. हा आज सकाळीच वर्गात आलेला बदली शिक्षक आहे. त्याला आपली पोरं ठाऊक नाहीत.”

“यंत्र आहे ते. पहिलीतलं पोर नाही.”

“पहिलीतलं पोर निदान उलटून विचारतं.” आर्वोने वेलचीच्या पावाचा तुकडा मोडला. “मी आजारी पडलो की बदली शिक्षकासाठी चिठ्ठी ठेवायचो. ‘ओइवा म्हणेल, थंडी वाजत नाही. तरी हातमोजे घालूनच बाहेर सोडा.’ तुझ्याबद्दल काय लिहायचो, सांगू?”

“काय?”

“‘योन्ना काही नाही म्हणाली, तर एकदा पुन्हा विचारा.’”

योन्नाने मान खाली घातली. “आई तश्शीच आहे.”

“आपल्यात कोण तसं नाही? बर्फात पाय मोडला तरी रुग्णवाहिकेला फोन करून सांगू, सावकाश या, घाई नाही.”

ती हसली आणि कळफलक पुढे ओढला. जुनी ओळ खोडून तिने लिहिलं:

‘हे साधन विश्वासू व्यक्तीला कायमचं काढतं. मग पैसे तिला न विचारता जातात. “तिला त्रास नको” म्हणजे “तिला काढ” नव्हे. तेव्हा फक्त तिच्या फोनचा आवाज बंद करणारं साधन वापर. नक्की कळलं नाही, तर आधी विचार.’

“शेवटचं वाक्य वर घे,” आर्वो म्हणाला. “चिठ्ठीची पहिली ओळ सगळे वाचतात.”

तिने घेतलं. मग स्वतःचं नाव आईच्या खात्यात परत जोडून घेतलं, आणि आईला फोन लावला.

“आई, मघाशी त्याला म्हणालीस, तेच पुन्हा म्हण.”

“अगं, तू कामात असशील ना?”

“आई.”

आईने मदतनिसाला तेच पुन्हा सांगितलं; पलीकडे थोडी खुडबुड झाली. मग आई तिच्या नावाने आलेला मदतनिसाचा प्रश्न अडखळत वाचू लागली, “‘आइली, लेकीला कायमचं काढू, की कामाच्या वेळी तिचा फोन नुसता वाजू नये असं करू?’” तिचा आवाज चढला. “काढू म्हणजे? मी कधी म्हटलं काढ? डोकं फिरलंय का याचं?”

“तसं नाही म्हटलंस, आई. कधीच नाही.”

“नुसता वाजू नये, एवढंच. कळलं का रे?” हे मदतनिसाला होतं.

तासाभराने टेबलावरचा फोन आवाज न करता उजळला. ‘आइली लोकरीच्या नव्या दुकानात पैसे भरत आहे. चालेल?’

योन्नाने ‘हो’वर बोट टेकवलं. पडदा विझला तरी बोट तिथेच होतं.

“काय गं?” आर्वोने विचारलं.

“काही नाही.”

आर्वोने कॉफीचा पेला खाली ठेवला, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि एकदा पुन्हा विचारलं.