जलद प्रत

आईचं दिवसकार्य उरकल्यावर मृणालने संगणकावर तिच्या स्मृतीची प्रत सुरू केली.

“आई, मी आलेय.”

“कोण? नवीन नर्स का तुम्ही?” आवाज अगदी आईचाच होता.

मृणालने घाबरून प्रत बनवणाऱ्या केंद्राला फोन लावला.

“तुम्ही जलद पद्धत निवडली होती,” तिथला माणूस हळूच म्हणाला. “त्यात जुनं काही राहत नाही. रोज मेंदूत जे असेल, तेवढंच प्रतीत उरतं. आजारात त्या विसरत गेल्या, तशी प्रतही विसरत गेली.”

जुनं सगळं ठेवलं असतं, तर प्रतीने उत्तरं सावकाश दिली असती. पद्धत निवडताना मृणालला तेवढा धीर नव्हता.

फोन ठेवून तिने डोळे पुसले.

“हो, नवीनच आहे. जेवलात का तुम्ही?”

“मुलगी यायचीय माझी. ती आली की जेवेन.”