भुईआवळ्याचा अर्क

कारखान्यांच्या वसाहतीत भुईआवळ्याचा अर्क घेतल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नसे. अर्क आला, धुराने पसरलेली काविळीची साथ हटली आणि कारखान्यांनी धुराड्यांवरचे फिल्टरही काढून टाकले.

प्रणिता चार महिन्यांच्या मृगाला घेऊन डॉक्टर उस्मानींकडे आली, तेव्हा बाळाचे डोळे पिवळेजर्द झाले होते.

डॉक्टरांनी दोघींचं रक्त तपासलं. "तुमचं यकृत ठणठणीत आहे," ते म्हणाले. "बाळाचं मात्र सुजलंय. काय पाजता हिला?"

"फक्त अंगावरचं दूध. वरचं पाणीसुद्धा नाही."

डॉक्टरांनी तिचं दूध तपासलं. आकडा पाहून पुन्हा एकदा तपासलं.

"अर्काने धुरातलं विष नष्ट होत नाही," ते म्हणाले. "तो फक्त ते यकृतात शिरू देत नाही. सगळं दुधात उतरतंय."

प्रणिताने मृगाकडे पाहिलं. "म्हणजे मीच पाजत होते?"

तेवढ्यात टेबलावरची मृगा भुकेने रडू लागली आणि प्रणिताला पान्हा फुटला. पदर छातीशी घट्ट आवळून ती भिंतीपर्यंत मागे सरकली.

"डॉक्टर, आधी हिला माझ्यापासून लांब न्या!"